डाव्या हाताच्या पाच मोटारी

सर्वो मोटर म्हणजे काय, हे मी आईला चार वेळा समजावलं आणि चारही वेळा माझा आवाज चढला. महाडच्या एका तंत्रशाळेत मी वीसेक वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. नुकत्याच मिशा फुटलेल्या पोरांच्या डोक्यात हे मी एका तासात उतरवतो, आणि घरात आईपुढे मात्र माझं गाडं अडत होतं. पंखा एकदा फिरला की फिरतच राहतो, ही मोटर तशी नाही. हिला कोन सांगायचा. तीस म्हटलं की तिसावर जाऊन थांबणार, नव्वद म्हटलं की नव्वदावर, आणि कुणी ढकललं तरी तिथून हलणार नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे शिकवलेल्या बैलासारखी. हो म्हटलं की उभी." आता ह्यात चूक काय काढणार? उगाच चिडलो होतो मी.

चिडणं हा माझा जुना रोग आहे. बायको म्हणते, तुमच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. मी म्हणतो, असतो तर असतो, निदान तो पोटात ठेवून गोड बोलत नाही. पण आईच्या बाबतीत त्या रागानं काय केलं हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. ह्या गोष्टीत मी काही फार भला माणूस नाही.

आईच्या अंगावरून वारं गेलं ते वाडीत, गोठ्यात, सकाळची धार काढताना. आमची वाडी कुडपणच्याही पुढे, पठाराच्या कडेला. गाडीरस्ता संपला की पुढे तासभर पायवाट. तिथं माझा थोरला भाऊ आणि वहिनी राहतात, नाचणी-वरी करतात, दोन म्हशी आहेत. त्या म्हशी कागदोपत्री दादाच्या, बाकी सगळ्या अर्थानं आईच्या. दादानं वाडीतल्या चौघांना बोलावून तिला डोलीतून खाली आणलं, जीप मिळवली. पोलादपूरला पोचेपर्यंत दुपार झाली आणि महाडला माझ्यापर्यंत पोचेपर्यंत उन्हं कलली. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. हे 'असतं तर' त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जातं.

जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं. डावा पाय महिन्याभरात फरपटत का होईना टेकायला लागला. डावा हात मात्र राहिला. मूठ आवळलेली, कोपरात दुमडून छातीशी आलेली, आणि बोटं अशी घट्ट की नखं तळव्यात रुतायची.

आईला एकच हवं होतं. तिला वर जायचं होतं. माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिला काही म्हणजे काही गोड लागत नव्हतं. नळाचं पाणी तिला औषधासारखं लागायचं, पिशवीतलं दूध म्हणजे तिच्या मते चुन्याची निवळी. "म्हशी कशा हायत?" हा दिवसातला पहिला प्रश्न आणि "मला कधी सोडतोस?" हा शेवटचा. मी एका संध्याकाळी तिच्यासमोरच दादाला फोन लावला, आवाज मोठा करून. दादा म्हणाला, "आये मला काय जड हाय काय रे? पण हितं एका हातानं कसं व्हायचं? लुगडं नेसवायला माणूस लागल, परसाकडं न्यायला लागल. आमी दोघंबी दिवसभर रानात. दोनी हात चालाय लागले की आणून सोड, मी कशाला नाय म्हणतोय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण फोन ठेवल्यावर विचार केला, तो खोटं काय बोलला? माझ्याकडे कामाला बाई होती, दवाखाना होता, आणि तरीही नाकी नऊ आले होते. आईनं मात्र त्यातलं एकच वाक्य उचललं. येईल त्याला सांगायला लागली, "हात चालला की मी जानार. थोरल्यानं सांगितलंय."

चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत एक व्यायाम घेणाऱ्या बाई होत्या, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा न्यायचो. त्यांनी दाखवून दिलं होतं, सकाळ-संध्याकाळ बोटं हलक्या हातानं उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. आणि उघडताना पेशंटनं हाताकडे बघायचं, मनातून जोर लावायचा. आई बघायचीच नाही. मी डाव्या बाजूला बसून एकेक बोट सोडवतोय आणि ही उजवीकडे, टीव्हीकडे, नाहीतर दाराकडे. "इकडे बघ," मी म्हणायचो. ती क्षणभर बघायची आणि मान परत तिकडे. मला वाटायचं मुद्दाम करते. एक दिवस मी तो हात तिच्या मांडीवर जवळजवळ आपटलाच. म्हणालो, "जायचंय ना तुला वर? मग एक बोट तरी हलव की. मी काय जन्मभर हेच करू?"

 बायको आतून आली, तिनं तो हात आपल्या हातात घेतला आणि मला म्हणाली, "तुम्ही शाळेतच ओरडा." त्याच आठवड्यात मी मोटारी मागवल्या. लोकांना मी सांगतो, आईसाठी केलं. खरं असं आहे की मला कंटाळा आला होता. कंटाळत नाही, चिडत नाही, असं काहीतरी मला तिच्या शेजारी बसवायचं होतं.

सामान सगळं बाजारातलंच. बागकामाचा कापडी हातमोजा, मासे धरायचा तंगूस, सलाइनच्या नळीचे बारीक तुकडे, आणि उभा चिरलेला पाण्याचा पाइप, आईचं कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड बसेल असा. पाइपवर पाच मोटारी स्क्रूनं बसवल्या, प्रत्येक बोटाला एक. मोज्याच्या वरच्या बाजूनं, बोटाच्या पाठीवरून, नळीच्या तुकड्यांतून तंगूस ओवला आणि मोटारीच्या दांडीला बांधला. मोटर वळली की तंगूस ताणला जाणार आणि बोट उघडणार. मोटर परत आली की बोट आपोआप मिटणार. मिटण्यासाठी वेगळी मोटर नको होती, मिटायचं काम आईचा हात स्वतःच चोख करत होता.

मग काडेपेटीएवढा तो मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. त्यानं प्रत्येक मोटारीला सेकंदाला पन्नास ठोके द्यायचे. ठोका एक मिलिसेकंदाचा असला तर मोटर एका टोकाला, दोनचा असला तर दुसऱ्या टोकाला, दीडचा असला तर मधोमध. एवढंच सगळं गणित. पण ठोका हा नुसता हुकूम असतो, ताकद वेगळी लागते. पहिल्या वर्षाची पोरं पाचही मोटारींना वीज त्या बिचाऱ्या बोर्डातूनच देतात, मग बोर्ड दम टाकतो आणि पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यावरून मी त्यांना भर वर्गात झापतो. आणि घरी मी काय केलं? तेच केलं. घाई. मोजा आधी माझ्याच हातात घालून बघत होतो म्हणून बरं. बोर्ड बंद पडून सुरू झाला, पाचही मोटारी एकदम मधोमध उड्या मारून गेल्या आणि माझा अंगठा असा मागे खेचला गेला की दोन दिवस खडू धरता आला नाही. बायको म्हणाली, चांगलं झालं.

मग मोटारींसाठी वेगळा पुरवठा घेतला, जमीन, म्हणजे ग्राउंडची तार, दोघांची एक केली, आणि प्रोग्रॅम असा लिहिला की मोटर सांगितलेल्या कोनावर एकदम जाणारच नाही, एकेक अंशानं जाईल. पहिल्या मोटारींचे दाते प्लॅस्टिकचे होते, आईच्या मुठीपुढे ते आठवड्यात झिजले. धातूच्या दात्यांच्या आणल्या. त्या बऱ्याच आवाज करायच्या, चालताना घूं घूं आणि बोट उघडून धरलं की बारीक गुणगुण.

पहिल्यांदा आईचा हात उघडला तेव्हा शनिवारची दुपार होती. मी वेग इतका कमी ठेवला होता की आधी काही होतच नाहीसं वाटलं. मग करंगळी सुटली, तिच्यामागून बाकीची, आणि इतक्या महिन्यांनी मला तिचा पुरता तळवा दिसला. पांढराफटक, दमट, नखांच्या चार खुणा पडलेला. मला रडू आलं, ते सांगायला लाज नाही. आईची मान मी हातानं धरून डावीकडे वळवली आणि म्हणालो, "आये, बघ." तिनं पाहिलं. "उघडला की रे," म्हणाली, आणि हसली. वारं गेल्यापासून ती एवढी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती.

त्यानंतर सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास मोटारी चालायला लागल्या. खुर्चीच्या डाव्या हातावर तो पाइप, त्यात आईचा हात, आणि उजवीकडे टीव्ही. मी शेजारी पेपर वाचत बसायचो. माझा आवाज चढेनासा झाला. घर शांत झालं. आई आपणहून सांगायची, "आज सैल वाटतोय," "आज चांगला हलतोय." मी म्हणायचो, "वा." बायको मधूनच म्हणायची, "आई हल्ली अर्धंच ताट जेवतात. डावीकडची भाजी तशीच असते." मी म्हणालो, आवडत नसेल तुझी भाजी. झालं, दोन दिवस अबोला.

मग तो व्हिडिओ. आईच म्हणाली, "थोरल्या सुनेला दाखव माझा हात. तिनं नवस बोललाय." मी फोन काढला तशी म्हणाली, "वायरी नको दिसाय. वाडीत म्हनतील, म्हातारीला करंट देतात." उजव्या हातानं पदर ओढून तिनं पाइप, मोटारी, सगळं झाकलं. बाहेर राहिली ती मोज्यातली बोटं. मोजाही माझ्या बायकोनं वरून तिच्या जुन्या लोकरी हातमोज्यानं झाकला, म्हातारीनं थंडीचा घातलाय असं वाटावं म्हणून. मी फोन जवळ नेला आणि नुसती बोटं धरली. उघडली, मिटली, उघडली. मोटारींचा आवाज येत होता म्हणून बायकोला मिक्सर लावायला सांगितला. म्हणजे बघा, आवाजाचा बंदोबस्तसुद्धा मीच केला. पाठवला.

वाडीत सिग्नल एका खडकावरच येतो, तिथं कुणी संध्याकाळी चढलं की दिवसभराचे निरोप पोचतात. तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. आवाजच वेगळा होता. "अरे, नवस फेडला," म्हणाला. वहिनीनं वाडीच्या देवीला बोललं होतं की सासूचा हात उघडला तर पाच नारळांचं तोरण बांधीन, कोंबडा देईन आणि तिची ओटी भरीन. व्हिडिओ पाहिल्यावर ती एक दिवसही थांबली नाही. गुरवानं सगळ्या वाडीसमोर गाऱ्हाणं घातलं, देवीला सांगितलं की बाई, तू म्हातारीचा हात उघडलास, आम्ही बोललो ते पावतं केलं. आमच्याकडे गाऱ्हाण्यात एकदा सांगितलं की ते झालंच. मग त्याच्यावर कुणी बोलत नाही, बोलायचंही नसतं. आता फक्त शेवटचं राहिलं होतं. ज्याच्यासाठी नवस त्यानं स्वतः देवीपुढं यायचं, दोन्ही हातांनी पदर पसरायचा आणि देवीची भरलेली ओटी त्यात परत घ्यायची. "म्हयन्याभरात आन तिला," दादा म्हणाला, "नि मग र्‍हाऊ दे हितंच. खोली सारवून ठेवतो."

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. दादा, हात मोटारी उघडतात, आई नाही. एवढे चार शब्द. मी नंतर ते फोनवर लिहिले आणि पुसले. कारण पलीकडे आई कामवाल्या बाईला सांगत होती, "नवस फिटला माझा. आता मी जानार," आणि असं बोलताना ती डोक्यावरचा पदर नीट करत होती, कुठं लग्नाला निघाल्यासारखी. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, अजून महिना आहे. रोज उघडतोय तो हात. महिन्यात खरा उघडला तर खोटं कुठं राहिलं?

त्या दिवसापासून तिनं गल्लीतल्या बाईंकडे जायचं बंद केलं. "बरा झालाय, आता कशाला?" मी रागावलो, हात जोडले, काही उपयोग झाला नाही. मोटारी मात्र तिनं चालू ठेवू दिल्या. "र्‍हाऊ दे ते," म्हणायची, "बरं वाटतं."

असाच एक रविवार होता. मोटारी सुरू करून मी आत दाढी करायला गेलो होतो. कामवाल्या बाईनं आईचा हात कोमट पाण्यानं पुसायला पट्टे सोडले, हात बाहेर काढला, पुसला, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला म्हणून ती तशीच गॅलरीत गेली. मी बाहेर आलो तर पाइप आणि मोजा खुर्चीच्या डाव्या हातावर नुसताच पडलेला. मोटारी चालू. मोज्याची रिकामी बोटं उभी राहत होती, पडत होती, उभी राहत होती. आणि आईचा हात बाजूला मांडीवर, मूठ आवळून. आई टीव्ही बघत होती.

मी तसाच उभा राहिलो. मग उजव्या बाजूला गेलो आणि विचारलं, "आये, चालतोय ना हात?"

"चालतोय की," ती म्हणाली. "आज बघ कसा मस्त उघडतोय."

  मोटारी बंद केल्या. घूं घूं थांबली तशी ती म्हणाली, "झालं काय एवढ्यात?"

दुसऱ्या दिवशी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. ताटातल्या डावीकडच्या भाजीचंही सांगितलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, हे तुम्ही आधी का नाही बोललात? त्यांनी सांगितलं ते असं, की आईची डावी बाजूच तिच्या मेंदूच्या हिशेबातून गेली आहे. हात हलत नाही एवढंच नाही, हात कुठं आहे, उघडा आहे का मिटलेला, हेही तिला कळत नाही. आणि कळत नाही हेही कळत नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिला आवाज येत होता, आवाजाबरोबर हात उघडतो हे तिनं एकदा पाहिलं होतं, तेवढ्यावर ती चालली होती. मी विचारलं, येईल का परत? डॉक्टर म्हणाले, व्यायाम चालू ठेवा, पण आता इतक्या महिन्यांनी फार आशा धरू नका.

प्रत्येक सर्वोच्या पोटात एक बारीकसं पोटेंशिओमीटर असतं, जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायच्या बटणामागे असतं तसंच. दांडा कुठं आहे हे तेच मोटारीला क्षणाक्षणाला सांगत असतं, म्हणून तर ती सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबते. ते तोडून टाकलं तर मोटर गरगर फिरत राहते, तिला कधी पोचलो हेच समजत नाही. ही गोष्ट मी वीस वर्षं फळ्यावर काढतो आहे. आईच्या हाताला मी बाहेरून ताकद जोडली, ठोके जोडले, आणि आतलं ते तुटलेलं आहे हे मला पाच महिने शेजारी बसून दिसलं नाही. तिला 'इकडे बघ' म्हणून ओरडत होतो मी. कसली मास्तरकी आणि कसलं काय.

संध्याकाळी, तो खडकावर चढायच्या वेळी, दादाला फोन केला. ह्या वेळी सगळं सांगितलं. मोटारी, पदर, मिक्सर, सगळं.  तो म्हणाला, "देवीपुढं सांगून झालंय रे. सगळ्या वाडीनं बघितलाय तो व्हिडिओ. आता मी जाऊन काय सांगू, नाय उघडला म्हनून?" मी म्हणालो, चूक माझी आहे, माझं नाव सांग. तो म्हणाला, "तुझं नाव सांगून काय व्हायचंय? तू आन तिला. देवीपुढं बसली की होईल बरोबर." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो माझ्यापेक्षा जास्त आशा धरून होता. आणि मी, सगळं ठाऊक असून, ठीक आहे म्हणालो.

आईनं गाठोडं बांधून घेतलं. बायको दोन लुगडी ठेवत होती तर म्हणाली, "सगळी घाल गो. परत कशाला यायचंय?" मग माझ्या घरातलं तिचं होतं नव्हतं ते सगळं त्यात गेलं, फणीसुद्धा. मी माझ्या पिशवीत मोटारी घेतल्या. कशासाठी ते विचार केला नव्हता. जीपनं पोलादपूर, तिथं चहा, मग घाटाची वळणं. रस्त्यात ती सारखी बोलत होती, ह्या शेताला कुणाचा बांध, त्या टेकाडावर कुणाची गुरं. रस्ता संपला तिथं दादा चौघांना घेऊन उभा होता. डोलीत बसताना त्यानं तिला उचललं तेव्हा तिचा डावा हात त्याच्या छातीला लागला, आणि त्यानं त्या मुठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता चालायला लागला.

वाडीत शिरल्यावर आईनं डोली आधी गोठ्याकडे घ्यायला लावली. म्हशीला नुसती हाळी दिली तर तिनं चारा सोडून मान वर केली. आईचा चेहरा त्या वेळी असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं.

देऊळ म्हणजे पत्र्याखालचा एक चौथरा. बायका जमल्या होत्या, वहिनी नवी साडी नेसून पुढे. मी आईजवळ जाऊन पिशवीतनं पाइप काढला. मनात आलं होतं, पदराखालून बसवू, निदान बोटं उघडून पदराचं टोक धरतील, पुढचं पुढे. आई म्हणाली, "देवीसमोर ते कशाला रे? बरा झालाय ना हात." गुरवही म्हणाला, "र्‍हाऊ द्या मास्तर." मी ते परत पिशवीत टाकलं.

आईला पाटावर बसवलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, देवीच्या ओटीतले तांदूळ आणि नारळ सुपात घेतले आणि तिच्यासमोर आला. आईनं उजव्या हातानं पदराचं एक टोक धरून पुढे केलं. दुसरं टोक खांद्यावरून तसंच लोंबत राहिलं. डावा हात मांडीवर होता.

"दोनी हातांनी धर, म्हातारे," गुरव म्हणाला.

"धरलाय की," आई म्हणाली.

गुरव थांबला. त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.  आई मात्र देवीकडे बघत होती, चेहरा अगदी निवलेला. "घाल की," ती गुरवाला म्हणाली, "धरलाय मी." त्या बिचाऱ्यानं तरी काय करावं? त्यानं सूप कलतं केलं. तांदूळ थोडे पदरात पडले, बाकीचे घरंगळून जमिनीवर गेले, आणि नारळ तिच्या गुडघ्याला लागून चौथऱ्यावरून खाली पडला.

कुणी तो उचलला नाही. आई पदरात बघत होती, नारळ कुठं गेला ते तिला समजत नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि तिचा डावा हात उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरला. कशाला धरला, देव जाणे. तिनं त्या मुठीकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं.

"हा माझाच हाय काय रे?" तिनं विचारलं.

"हो आये."

"मंग उघडत का नाय?"

 सगळी वाडी ऐकत होती. वहिनी तोंडाला पदर लावून रडायला लागली, तिनं एवढा नवस फेडला होता. दादा उठला आणि बाहेर गेला. डोली आणणारे चौघे फणसाखाली बिड्या ओढत बसले होते आणि आता घरी जायला उठत होते.

"बसा रे जरा," तो त्यांना म्हणाला, "परत खाली न्यायची हाय."

आईला ते ऐकू गेलं. डावा हात माझ्या हातातच राहिला, त्याच्याकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. पदरात पडलेले तांदूळ ती उजव्या हातानं एकेक करून वेचत राहिली, आणि तिथं राहते असं ती म्हणाली नाही.